पाचवी वाटी

आई, पण दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तर मी मधे बोललो नव्हतो ना? तेव्हा मी तोंड मिटून विहाराच्या कट्ट्यावर बसलो होतो, मावशीला विचार. पुण्याच्या बाईंनी फरशीवर खडूनं पाच घरं आखली होती, तुझ्या ओंजळीत चिंचोके दिले होते आणि किती आर्जवानं म्हणाल्या होत्या, "ताई, घाई नाही, आठवून टाका." तू चिंचोके तसेच्या तसे त्यांच्या हातावर ठेवलेस. "मला काय न्हाई. फुडच्या बाईला द्या." एक टाकला असतास तर काय बिघडलं असतं? एकच, त्या दुखण्याच्या घरात? त्या दिवशी त्यांच्याबरोबर डॉक्टर होता, बीपीचं मशीन होतं. ज्या बाईनं त्या घरात जास्त चिंचोके टाकले तिच्या दंडाला पट्टा बांधून बघत होते आणि मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी देत होते. मावशीला चिठ्ठी मिळाली. मावशी अजून रोज सकाळी एक गोळी घेते, समोरचे दात गेलेत, पण भांडायला लागली की अख्ख्या वस्तीला ऐकू जातं. तुला कुणी अडवलं होतं? हे मी तुला कितीतरी वर्षं मनातल्या मनात विचारतोय, आणि दर वेळी तू तेच एक उत्तर देतेस. म्हणून आज कागद घेऊन बसलोय. मनात भांडलं की तूच जिंकतेस.

मी आता हिमाचलात आहे. नदीच्या कडेनं डोंगर फोडून रस्ता काढायचं काम चाललंय, तिथं पोकलेन चालवतो. आठ महिने झाले. एवढे दिवस मी एका जागी कधी टिकलो नाही, हे तुला सांगायला नको. बाजूला खोल दरी आणि मशीनचा पट्टा कड्यापासून हातभर, त्यामुळं कंपनी दर पंधरा दिवसांनी डॉक्टर पाठवते. डोळे बघतो, बीपी बघतो. बीपी वर असलं की त्या माणसाला मशीनवर बसू देत नाहीत. मागच्या खेपेला माझ्या दंडाला पट्टा बांधता बांधता डॉक्टर म्हणाला, "टेंशन वगैरह लेते हो क्या?" मी म्हटलं, साहेब, टेन्शनवरून आमच्या गावचा एक किस्सा सांगतो. आणि वाट्यांचा किस्सा सांगितला. आई, हा किस्सा मी नाशिकला सांगितलाय, सुरतेला सांगितलाय, इथं बरॅकमधल्या पोरांना तर दोनदा सांगितलाय. पुण्याच्या शिकलेल्या बाईंना आमच्या अडाणी बायकांनी कसं गंडवलं, असा. हमखास हसतात. डॉक्टरही हसला, पट्ट्यातली हवा सोडली, आणि कागदावर आकडा लिहिता लिहिता सहज म्हणाला, "और तुम्हारी माँ की कटोरी में कितना था?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, याद नहीं.

तुला ते सगळं पहिल्यापासून सांगतो. तू तिथं होतीस, तरी सांगतो, कारण मी जिथं उभा होतो तिथून तुला दिसलं नसेल.

त्या बाई पुण्याहून आल्या होत्या, कॉलेजात शिकवायच्या आणि माणसांच्या जिवाला कशाकशाचा त्रास होतो, मग माणसं काय करतात आणि त्याचं तब्येतीवर काय होतं, यावर संशोधन करायच्या. आधी त्यांनी शाळेत पोरांना हसऱ्या-रडक्या तोंडांचे कागद वाटले. पोरांनी सगळ्या तोंडांना मिशा काढून दिल्या. मग हायवेवरच्या कंपनीत गड्यांना कागद भरायला दिले. आणि मग आपल्या वस्तीत आल्या. वस्तीत निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्टीलच्या पाच नव्या वाट्या आणल्या आणि शिरूरच्या बाजारातून पिशवीभर जवारी. विहाराच्या ओट्यावर वाट्या ओळीनं मांडल्या, प्रत्येकीपुढं एक चित्र. कामाची वाटी, दुखण्याची वाटी, पैशाची, गावाची, आणि पाचवी घरातल्या माणसांची. तिच्यापुढं घर काढलेलं आणि दारात एक माणूस उभा. बाई सांगायच्या, "गेल्या महिन्यात ज्या गोष्टीचा ताण जास्त, त्या वाटीत जास्त दाणे. ताण नसेल तर वाटी रिकामी राहू द्या." ताण म्हणजे काय ते कुणाला कळेना. शेवटी तूच म्हणालीस, "घोर म्हनत्यात त्या. जिवाला घोर." बाईंनी लगेच तो शब्द लिहून घेतला.

मग काय हसणं चाललं होतं! पाटलाच्या मळ्यात खुरपायला जाणारी म्हातारी म्हणाली, "बाई, पाच वाट्या आन् एवढुशी जवारी? माझ्या सुनंलाच पायलीभर लागंल." बाईंनी विचारलं, घोर लागला की तुम्ही काय करता? एक म्हणाली, भांडी घासते. दुसरी म्हणाली, नवऱ्याला घासते. तू म्हणालीस, "मी टेंपोत झोपते."

ते खरं होतं. पहाटे साडेचारला टेम्पो यायचा, तुम्ही पाच-सहा जणी मागं बसून कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या करायला जायच्या. तीन वाजता तोच टेम्पो परत. आप्पा गेल्यापासून तुला बसायची म्हणून काय ती तेवढीच जागा होती. मावशीच्या खांद्यावर डोकं टाकायचं, ते वस्ती येईपर्यंत.

मी त्या दिवशी उशिरा उठून तिथं आलो. तेव्हा मी एकोणीस-वीसचा असेन. तोपर्यंत यवतचा ढाबा सोडून झाला होता, शिरूरचं गॅरेज सोडून झालं होतं, आणि नुकतीच कंपनीतली पॅकिंगची नोकरीही सोडून आलो होतो. ती नोकरी तू कँटीनच्या ठेकेदाराच्या हातापाया पडून लावून दिली होतीस. दीड महिना केली. सुपरवायझरनं आईवरून शिवी दिली म्हणून मी त्याच्या अंगावर खोकं फेकलं आणि गेटच्या बाहेर आलो. मला वाटलं, तुझ्यासाठीच भांडलो. दुसऱ्या दिवसापासून ठेकेदारानं तुला लाटण्यावरून उठवून तव्यावर उभं केलं. हे तू मला सांगितलं नाहीस, मावशीनं सांगितलं. लाटायचं काम बसून असतं. तवा दोन माणसं झोपतील एवढा, खाली गॅसची शेगडी, आठ तास उभं राहायचं. तुझ्या मनगटावर डाग पडायला लागले, त्यावर तू टूथपेस्ट लावायचीस. रात्री पाय सुजलेले असायचे. डावा हात धरून बसायचीस. मी विचारलं तर म्हणायचीस, लाटून भरून आलाय. लाटणं तर कधीच सुटलं होतं.

ओट्यावर मावशीची पाळी चालली होती. मावशी एकटी, पोर ना बाळ. तिनं पाचही वाट्यांत दाणे टाकले. बाईंनी कागद बघितला आणि विचारलं, "मावशी, तुम्ही तर एकट्याच राहता म्हणालात ना?"

"व्हय की."

"मग या घरच्या माणसांच्या वाटीत दाणे कसे?"

"मंग काय रिकामी देऊ म्हागारी? तुमची वाटी हाय बाई. शोभतं का ते?"

बाईंना काही उमगेना. त्या मागचे कागद चाळायला लागल्या, तर सगळ्याच बायकांच्या पाचही वाट्यांत काही ना काही. एकीचीही रिकामी नाही. तेवढ्यात तुझी पाळी आली. तू वाकून दाणे टाकलेस. कामाच्या, पैशाच्या, गावाच्या वाटीत किती ते मी बघितलं नाही. दुखण्याच्या वाटीत मूठभर तरी होते. पाचवीशी तू थांबलीस. एक मूठ टाकलीस, मग अजून एक, मग पिशवीत हात घालून तिसरी. वाटी भरून दाणे फरशीवर सांडले. बाईंनी मान वर केली. तू उठता उठता माझ्याकडं बघितलंस.

तेव्हा मी पुढं झालो. म्हटलं, "बाई, मी सांगतो. हे असं कवाच जमायचं न्हाई. आमच्यात शेजारणीची वाटी रिकामी माघारी देत न्हाईत. साखर न्हाई तर चार दाणे, पण काहीतरी घालूनच देत्यात. तुम्ही वाटी मांडली, म्हंजी बायका भरणारच. घोर असो नसो." बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडल्यासारखं झालं. त्यांनी वही काढली. म्हणाल्या, "थांबा, थांबा, तुम्ही फार महत्त्वाचं सांगताय." आई, मला तोवर शिकलेल्या माणसानं तुम्ही म्हटलं नव्हतं. सहावीतून काढलेला मुलगा मी, आणि कॉलेजातली बाई माझं बोलणं लिहून घेतेय. मला चढली. मी म्हटलं, "आन् आमची आई तर काय, शेजारणीची वाटी गच्च भरल्याबिगर देतच न्हाई. हे बघा." आणि तुझी पाचवी वाटी उचलून मी पिशवीत ओतली. मग दुखण्याचीही ओतली. सगळ्या बायका हसल्या. मावशीसुद्धा हसली. तूही पदर तोंडाला लावलास, मला वाटलं हसतेयस.

बाईंनी त्या दिवसाचे सगळे कागद रद्द केले आणि आठ दिवसांनी खडू-चिंचोके घेऊन परत आल्या. पुढचं तुला माहीत आहे.

चिंचोके न टाकता तू घरी आलीस त्या संध्याकाळी मी तुझ्यावर चिडलो होतो. तू स्टोव्हपाशी बसून लसूण ठेचत होतीस. मी म्हटलं, फुकट तपासत व्हते, पट्टा बांधून घ्यायला काय झालं व्हतं? तू ठेचायची थांबली नाहीस. म्हणालीस, "एकदा सांगितलं व्हतं मी." मी म्हटलं, ते वाटीचं सोड. तू म्हणालीस, "वाटीचं नव्हतंच ते." आणि माझ्यापुढं ताट सारलंस. तुझा राग एवढाच. त्यानंतर तू तो विषय कधी काढला नाहीस. मी त्याच महिन्यात नाशिककडं जेसीबीवर हेल्पर म्हणून निघून गेलो. निघताना तू भाकरी बांधून दिलीस आणि म्हणालीस, "हितं तरी टिक." टिकलो नाही, ते सोड.

दीड वर्षानं कँटीनवरून येताना तू रोजच्यासारखी मावशीच्या खांद्यावर डोकं टाकून बसलीस. मावशी सांगते की कोरेगावच्या पुलावर टेम्पो आदळला तेव्हा ती तुला म्हणाली, नीट धर गं. तू बोलली नाहीस. रोजच झोपतेस म्हणून कुणी हलवलं नाही. वस्तीवर टेम्पो थांबला, सगळ्या उतरल्या, तेव्हा कळलं. डॉक्टरनं हृदय म्हणून लिहून दिलं. मी दुसऱ्या दिवशी पोचलो तर सासरहून आलेल्या ताईनं मला मिठी मारून एकच धोशा लावला होता, "आईला कुणी विचारलंच न्हाई रे. कुणी एका शब्दानं विचारलं न्हाई, तुला काय व्हतंय का म्हणून." मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो.

आई, मी त्या बाईंचा विचार पुष्कळ करतो. मशीनवर बारा तास एकटा असतो, बकेट खाली, बकेट वर, दुसरं काय करणार. त्यांचं काम मला खोटं वाटत नाही. माणूस आतून किती वाकलाय हे कुणीतरी मोजायला घेतं, ही साधी गोष्ट नाही. इथं बरॅकमध्ये गोरखपूरचा एक ब्लास्टिंगवाला आहे, सुरुंगाचा आवाज झाला की त्याचा हात तासभर थरथरतो. तो हात खिशात घालून हिंडतो आणि डॉक्टरला म्हणतो, सब बढ़िया. त्याला तोंडानं विचारून काही मिळणार नाही. त्याच्यापुढं वाट्या मांडल्या तर कदाचित मिळेल. बाईंची चूक एवढीच झाली की त्यांनी माझ्याकडं बघितलं. वाटीकडं बघायला पाहिजे होतं.

मागच्या रविवारी ताईचा फोन लागला. ती आता यवतच्या बाजूला एका शाळेत खिचडी शिजवायला जाते. दोघी बायका, शाळाभर पोरं, आणि सरपंचाचा माणूस येऊन पातेल्यात चमचा घालून चव बघून नावं ठेवून जातो. डोकं दुखतं म्हणाली. संध्याकाळी पाय सुजतात म्हणाली. मी म्हटलं, दौंडला जाऊन बीपी तपास. तर म्हणते, "काय न्हाई रे, दगदग हाय. आन् कशाला तपासायचं? आईला कुणी तपासलं व्हतं? तिला कुणी विचारलं तरी व्हतं का?" आवाज अगदी तुझा. दवाखान्यावर तिचा राग आहे, डॉक्टरवर राग आहे, कंपनीवर आहे. आपल्या आईला कुणी मोजलंच नाही, मग आपल्याला तरी कोण मोजणार, असं तिनं धरलंय. आणि ते तिच्या डोक्यात मी बसू दिलंय. त्या दिवशी तिच्या पाठीवर हात फिरवत गप्प बसलो म्हणून. फोनवर सांगावं म्हटलं, तोंड उघडलं, तर रेंज गेली. खरं सांगायचं तर रेंज मागाहून गेली. आधी मीच गप्प झालो होतो.

म्हणून भांडण तुझ्याशी चाललंय, आणि आता तुला ते सांगतो जे डॉक्टरला सांगितलं नाही. मला आठवतं किती होतं. तीन मुठी, आणि सांडलेले वेगळे. आपल्यात शेजारणीच्या वाटीत चिमूटभर घालतात. मानासाठी चार दाणे. मावशीनं घातले होते तसे. गच्च भरून कुणी देत नाही, तूही कधी दिली नाहीस. हे मला त्या वेळीही माहीत होतं. चिमूट कुठली आणि ढीग कुठला, हे कुणालाही कळलं असतं, ज्यानं वाट्या एकाशेजारी एक बघितल्या असत्या त्याला. म्हणून मी त्या बघू दिल्या नाहीत. त्या चित्रात दारात जो माणूस उभा होता, तो मी होतो. सगळ्या वस्तीसमोर तू माझी वाटी भरून दाखवलीस आणि माझ्याकडं बघितलंस. मला ते सोसलं नाही. तुझं दुखणं त्याच ओघात गेलं. दुखण्याची वाटी ओतायचं तर काही कारणही नव्हतं. हात फिरला, एवढंच.

हा कागद कुठल्या पोस्टात टाकायचा नाही, ते मला माहीत आहे. ताईला पाठवावा असं एकदा वाटलं, पण एवढं सगळं वाचायला तिला वेळ मिळायचा नाही, आणि मिळाला तर तो नवऱ्यापुढं मिळेल. उद्या सुट्टी आहे. खाली बाजारात पोस्ट आहे, तिथून मनीऑर्डरचा फॉर्म आणून ठेवलाय. त्याच्या निरोपाच्या तुकड्यावर दोन-तीन ओळी लिहिता येतात. आजवर मी तिथं भाच्याच्या शाळेसाठी असं लिहायचो. या वेळेला लिहिलंय, "तुझ्या तपासणीसाठी. दुसऱ्या कशाला खर्चू नको. आईला विचारलं होतं, तिनं सांगितलंही होतं. आल्यावर बोलतो." दोनदा वाचलं. 'मी ऐकलं नाही' हे लिहायला जागा होती, पण लिहिलं नाही. फॉर्मवर नाव तिचं एकटीचं घातलंय, दाजींचं नाही. ओव्हरटाइमचे सगळेच पाठवतोय, तीन हजार दोनशे.